मदत नेमकी कोणत्या पायरीवर?

वृद्धांच्या विसरभोळेपणाविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि कोणाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. रूढ भाषेत याला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. त्यामुळे औषधांपेक्षा रोजच्या कामांविषयी मी अधिक लिहिणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे. ती नावे विसरते, एकच गोष्ट दोनदा सांगते. घरखर्चाचा हिशेब पूर्वी अर्ध्या तासात होत असे, आता त्याला अख्खी सकाळ जाते. पण हिशेब चुकत नाही. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ असे निदान लिहून दिले आहे. ही स्मृतिभ्रंशाचीच सुरुवात समजायची का? आणि आईला हे सांगावे का?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘पण हिशेब चुकत नाही’ हे चार शब्द या निदानाचा गाभा आहेत. स्मरण, लक्ष, भाषा किंवा नियोजन यांपैकी एखादी क्षमता वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा अधिक घटली आहे, ती घट घरात जाणवते आणि चाचणीतही दिसते, तरीही माणूस आपले रोजचे व्यवहार स्वतःच चालवतो आहे, अशा अवस्थेला सौम्य बोधात्मक ऱ्हास म्हणतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिचे निकष मांडले. त्या वेळी भर स्मरणावर होता, पुढे इतर क्षमतांचाही त्यात समावेश झाला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत तर स्पष्टच म्हटले आहे की बिले भरणे, औषधे सांभाळणे अशी कामे ही व्यक्ती स्वतः करते, मात्र त्यासाठी तिला पूर्वीपेक्षा जास्त कष्ट पडतात किंवा काही युक्ती योजावी लागते. हिशेबाला अख्खी सकाळ जाणे म्हणजे नेमके हेच. कामे स्वतंत्रपणे होईनाशी झाली की स्मृतिभ्रंशाची भाषा सुरू होते. ही रेषा कोणत्याही स्कॅनवर आखलेली नसते; घरात कामे कशी होतात हे बारकाईने विचारूनच ती ठरवावी लागते.

पुढे काय होईल हे एका व्यक्तीबाबत कोणीच सांगू शकत नाही, पण समूहाबाबत सांगता येते. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ६५ वर्षांवरील अशा व्यक्तींपैकी सुमारे १५ टक्क्यांना दोन वर्षांत स्मृतिभ्रंश झाल्याचे दिसले. म्हणजे धोका निश्चितच वाढलेला असतो; परंतु पुष्कळ जण आहे त्याच जागी राहतात आणि काहींच्या चाचण्या पुढील तपासणीत पुन्हा सामान्य येतात. म्हणूनच थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणे आणि सध्या चालू असलेली औषधे यांची तपासणी झाली आहे ना, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीची काही जुनी औषधे, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिली जाणारी काही औषधे स्मरण मंद करतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी झालेले आढळते. चाचणीतील गुणांचाही बाऊ करू नये. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३० गुणांच्या मॉन्ट्रियल चाचणीत कमी शालेय शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून दिला जातो, यावरूनच त्या आकड्यावर शिक्षणाचा किती प्रभाव पडतो हे लक्षात यावे.

आईंना सांगावे का? माझ्या मते सांगावे. आपल्याला काहीतरी होते आहे हे त्यांना आपल्याआधी कळलेले असण्याची शक्यता मोठी आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने आपल्याकडे दोन्ही बाजूंनी नुकसान केले आहे : खरा आजार वयाच्या नावावर खपून गेला आणि साध्या विसराची टर उडवली गेली. निदान कळले तर युक्त्या त्या स्वतः योजतील. शिवाय पैसा, उपचार आणि राहण्याची सोय यांविषयी आपली इच्छा नीट विचार करून सांगण्याची हीच वेळ आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो. माझे वडील ७७ वर्षांचे आहेत आणि त्यांनाही हेच निदान झाले आहे. गेल्या वर्षी त्यांच्याकडून विजेचे बिल दोनदा भरायचे राहिले आणि एकदा शेगडीवरचे भांडे करपले. त्यानंतर आम्ही बँकेचे व्यवहार, औषधे, स्वयंपाकघर सगळेच आमच्याकडे घेतले आणि त्यांचे एकट्याने बाहेर जाणेही बंद केले. आता ते दिवसभर खुर्चीत बसून असतात, चिडतात, आणि विसरणेही वाढल्यासारखे वाटते. आमचे काही चुकले का?

उत्तर : हेतू चुकला नाही, माप चुकले. वर्षभरातील तीन चुकांपायी एका माणसाचा अख्खा दिवस रिकामा झाला.

वृद्धांचे स्वावलंबन मोजण्यासाठी एम. पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये आठ कामांची यादी केली, ती आजही जगभर वापरली जाते : फोन करणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, स्वतःची औषधे आणि पैशांचे व्यवहार. याच ब्रॉडी आणि लॉटन यांनी सहकाऱ्यांसह १९७१ मध्ये मानसिक क्षमता घटलेल्या वृद्धांमधील अतिरिक्त परावलंबनावर लेख प्रसिद्ध केला. आजारामुळे जेवढी असमर्थता यायला हवी, त्याहून अधिक दिसू लागली तर त्या जास्तीच्या भागाचे कारण आजाराबाहेर शोधावे लागते. कधी ते नैराश्यात सापडते, कधी कमी दिसण्या-ऐकण्यात, आणि फार वेळा घरच्यांच्या तत्पर प्रेमात. आपल्या वडिलांकडून आठपैकी निदान चार कामे एकाच वेळी गेली. सराव तुटला की ती कामे खरोखरच येईनाशी होतात, मग कुटुंबाला वाटते की आजार वाढला. तथापि दिवसभर बसून राहणे आणि चिडचिड ही नैराश्याचीही लक्षणे असतात, म्हणून ते एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

आता कामांकडे वळू. विजेचे बिल भरणे हे एक काम वाटते, पण त्यात पाच पायऱ्या आहेत : बिल आल्याचे लक्षात येणे, मुदतीची तारीख लक्षात राहणे, रक्कम बरोबर आहे का हे पाहणे, पैसे भरणे आणि भरल्याची नोंद ठेवणे. पुढच्या बिलाच्या वेळी आपण शेजारी बसून, मध्ये न बोलता, कोणत्या पायरीवर अडते ते पाहावे. माझा अनुभव असा की बहुधा दुसरी आणि पाचवी पायरी निसटते, कारण पुढे करायच्या गोष्टीची वेळेवर आठवण होणे आणि आपण ती केली होती हे आठवणे, हे दोन्ही या अवस्थेत कच्चे पडते. मात्र रक्कम तपासण्याची तिसरी पायरी अनेकदा शाबूत असते आणि कधीकधी घरातील तरुणांपेक्षा चोख असते. मग मदत दुसऱ्या आणि पाचव्या पायरीला हवी. मुदतीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक लिहावी, पैसे भरले की पावती त्यांनी स्वतः एका ठरलेल्या फाइलमध्ये लावावी. उरलेले काम त्यांचे.

पैशांवर नजर मात्र ठेवावीच. अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात, पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या व्यक्तींचे हप्ते आणि देणी निदानाच्या सहा वर्षे आधीपासून चुकू लागल्याचे दिसले होते. रोजच्या खर्चासाठी मर्यादित रकमेचे वेगळे खाते, मोठ्या व्यवहाराला घरातील दोघांची संमती, आणि फोनवर आलेल्या कोणत्याही मागणीला त्याच वेळी होकार द्यायचा नाही हा नियम, एवढे पुरते. हा नियम घरातील सर्वांना लावला तर वडिलांनाही तो अपमानास्पद वाटणार नाही.

शेगडीच्या बाबतीत मी कडक आहे. आग, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे आणि वाहन चालवणे, या चार ठिकाणी प्रयोग करू नयेत. तरीसुद्धा वर्षातून एक भांडे करपणे हा पुरावा फार तोकडा आहे. तेवढे आपल्याही हातून झाले असेल, फक्त त्याची नोंद कोणी ठेवली नसेल. ठरलेल्या वेळी आपोआप बंद होणारी शेगडी आणावी, आणि आच चालू असेपर्यंत स्वयंपाकघर सोडायचे नाही हा एकच नियम ठरवावा. बाहेर जायचेच असेल तर घंटा वाजणारे घड्याळ खिशात घालून जावे. हे करूनही वारंवार चूक होऊ लागली तर मात्र शेगडी बंद करावी आणि स्वयंपाकातील चिरणे, निवडणे, मोजणे ही कामे त्यांच्याकडे ठेवावीत.

औषधांसाठी आठवड्याच्या सात दिवसांचे कप्पे असलेली डबी घ्यावी. ती त्यांनी भरावी, आपण तपासावी. ‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न स्मरणाला विचारण्यात अर्थ नसतो. रिकामा कप्पा त्याचे उत्तर देतो आणि भांडणही टळते. बाहेर जाण्यासाठी ओळखीचा रस्ता आणि ठरलेली वेळ निवडावी, खिशात नाव व फोन क्रमांक असलेले कार्ड असावे. फोनवरून ठिकाण कळण्याची सोय त्यांच्या संमतीने करावी, लपून नव्हे. ओळखीच्या रस्त्यावर कधी चुकले नसतील तर तो रस्ता बंद करण्याचे कारण मला दिसत नाही.

सगळे एकदम परत देऊ नये. कोणते काम गेल्याचे त्यांना सर्वांत जास्त लागले, हे त्यांनाच विचारावे आणि तिथून आरंभ करावा. काम करताना ते अडले तर आधी थांबावे. नंतर ‘आता पुढे काय?’ एवढेच विचारावे, मग वस्तूकडे बोट दाखवावे, मग सांगावे, आणि अगदी शेवटी हात लावावा. आपण सारे घाईत असल्यामुळे शेवटच्या पायरीपासूनच सुरुवात करतो. नोकरीला निघण्याच्या गडबडीत हे जमणार नाही, हे मी जाणते. म्हणून सुट्टीच्या दिवशी एकच काम घ्यावे, आणि किती वेळा सुचवावे लागले एवढेच तीन आठवडे कागदावर लिहून ठेवावे. आकडा घटत असेल तर पुढचे काम द्यावे.

प्रश्न : मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे आणि एकटी राहते. माझे निदान मला माहीत आहे. मी आठवणीसाठी चिठ्ठ्या लिहिते, पण वेळेवर चिठ्ठ्याच सापडत नाहीत. मैत्रिणी मोबाइलवर मेंदूचे खेळ खेळायला सांगतात. त्यांचा उपयोग होतो का?

उत्तर : आधी चिठ्ठ्यांविषयी. त्या सर्व फेकून द्याव्यात आणि एक वही करावी. मेयो क्लिनिकमध्ये या अवस्थेतील लोकांना अशी वही वापरण्याचे रीतसर प्रशिक्षण देतात. तिच्यात प्रत्येक दिवसाचे तीन भाग असतात : ठरलेल्या वेळेची कामे, दिवसभरात केव्हाही करायची कामे आणि आज काय घडले याची नोंद. तिसरा भाग अनेक जण गाळतात, आणि नेमका तोच सर्वांत उपयोगी पडतो. काल कोणाचा फोन आला, काय ठरले, हे त्यात असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोणाला पुन्हा विचारावे लागत नाही.

वही लिहिणे सोपे असते. ती उघडून पाहण्याची सवय लागायला काही आठवडे जातात. ही सवय लागते याचा मोठा आधार स्मरणशास्त्रात आहे. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन रुग्णावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात सफाईदार झाला, परंतु प्रत्येक वेळी आपण हे प्रथमच करत आहोत असे त्यांना वाटत असे. घटनांची आठवण आणि हाताची सवय मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतात, हे त्यातून स्पष्ट झाले. आपली स्थिती त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगली आहे, म्हणून ही वाट आपण निश्चितच वापरू शकता. वहीची जागा एकच ठेवावी, पाहण्याची वेळ एकच ठेवावी, आणि ती आधीपासून असलेल्या सवयीला जोडावी : दात घासले की वही, जेवण झाले की वही, दिवा मालवण्यापूर्वी वही. नवे यंत्र किंवा फोन शिकताना अंदाजाने बटणे दाबून पाहू नयेत, कारण चुकीची पायरीही हाताला तशीच लागते. कोणाकडून पायऱ्या लिहून घ्याव्यात आणि सुरुवातीला कागद पाहूनच करावे. एखादे नाव लक्षात ठेवायचे असेल तर ते एक मिनिटाने, मग दोन, चार, आठ मिनिटांनी मनाशी आठवून पाहावे. एकाच दमात वीस वेळा घोकण्यापेक्षा हे अधिक टिकते.

खेळांविषयी. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्तींवर झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ या मोठ्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्या कौशल्याचे प्रशिक्षण दिले ते सुधारले, पण ती सुधारणा इतर कौशल्यांत पसरली नाही. त्यामुळे खेळ आवडत असेल तर खेळावा, औषध म्हणून खेळू नये. तोच वेळ चालण्याला आणि माणसांत मिसळण्याला दिलेला मला अधिक पटतो; न्यूरॉलॉजी अकादमीनेही या अवस्थेत आठवड्यातून दोनदा नियमित व्यायामाचीच शिफारस केली आहे. एकट्या राहत असल्यामुळे घराची एक किल्ली विश्वासू व्यक्तीकडे असावी, आणि तिने आठवड्यातून एकदा औषधांची डबी व आलेली पत्रे आपल्यासोबत पाहावीत.

वहीचा संकोच वाटत असेल तर एवढे आठवावे की आपण आयुष्यभर वेळापत्रकावर शाळा चालवलीत, आणि भिंतीवर वेळापत्रक लावले म्हणून त्या शाळेला कोणी विसराळू म्हटले नाही.

प्रश्न : माझे यजमान ७९ वर्षांचे आहेत. एकच गोष्ट चार वेळा विचारतात. त्यांना ऐकूही कमी येते, पण श्रवणयंत्र वापरायला ते तयार नाहीत. हा कानांचा दोष समजायचा की स्मरणाचा?

उत्तर : कान तपासल्याशिवाय हे सांगता येणार नाही. जे नीट ऐकूच आले नाही ते लक्षात राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि अर्धवट ऐकलेल्या वाक्यातील गाळलेल्या जागा भरण्यातच लक्ष खर्च झाले तर आठवण पक्की करायला ते उरत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ या तीन वर्षांच्या चाचणीत, सर्व सहभागींचा एकत्र विचार केला तर श्रवणयंत्रामुळे बौद्धिक घट थांबलेली दिसली नाही. परंतु ज्यांचा धोका मुळातच जास्त होता त्या गटात घटीचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. यंत्र मिळाल्यावर ते पहिल्या दिवसापासून गर्दीत वापरायला लावू नये. घरात, शांत खोलीत, समोरासमोर एका माणसाशी बोलताना अर्ध्या तासापासून सुरुवात करावी. आणि यंत्र असो वा नसो, दुसऱ्या खोलीतून हाक मारून महत्त्वाचे काही सांगू नये.

प्रश्न : विसरणे थांबवणारे औषध किंवा गोळी आहे का? जाहिराती पुष्कळ दिसतात.

उत्तर : जाहिरातींतील गोळ्यांसाठी आधार नाही. जिंको या वनस्पतीच्या अर्काची ७५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा स्मृतिभ्रंश टळल्याचे दिसले नाही. बी-१२ ची कमतरता असेल तर ते जरूर घ्यावे, नसेल तर त्याने बुद्धी वाढत नाही. अल्झायमरसाठी दिली जाणारी डोनेपेझिलसारखी जुनी औषधे या सौम्य अवस्थेत पुढची घसरण रोखतात असे सिद्ध झालेले नाही. लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब या नव्या औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत असल्याचे तपासणीत सिद्ध झालेल्यांसाठीच, आणि आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच, ती दिली जातात. त्यांनी घसरण काहीशी मंदावते, गेलेली आठवण परत येत नाही, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो.

रक्तदाबाकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. २०१९ च्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात रक्तदाबाचा वरचा आकडा १२० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या गटात सौम्य बोधात्मक ऱ्हासाचे प्रमाण कमी आढळले. आपल्यासाठी योग्य आकडा कोणता, हे डॉक्टरांनीच ठरवावे, कारण तोल जाऊन पडण्याची सवय असलेल्यांचे गणित वेगळे असते.

प्रश्न : माझ्या ८० वर्षांच्या मावशीला दोन वर्षांपासून सौम्य विसर आहे, पण ती स्वतःचे सर्व काही करत होती. गेल्या दोन दिवसांत ती एकदम गोंधळली आहे. रात्री जागते, दिवसा झोपते, मध्येच असंबद्ध बोलते. घरचे म्हणतात, आता आजार पुढच्या टप्प्यात गेला.

उत्तर : हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणे योग्य नव्हते, म्हणून या वाचकांना पत्र मिळताच कळवले आहे. येथे ते इतरांसाठी देत आहे. सौम्य ऱ्हास महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने सरकतो, दोन दिवसांत टप्पा ओलांडत नाही. एवढ्या अचानक आलेल्या गोंधळाला वैद्यकात डेलिरियम म्हणतात; जुनी माणसे ‘वातात बरळणे’ म्हणत ते हेच. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, नव्याने सुरू केलेले औषध, लघवी तुंबणे, काही आठवड्यांपूर्वी पडल्यामुळे डोक्यात साचत गेलेले रक्त, अशी त्याची कारणे असतात आणि त्यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत. वृद्धांमध्ये संसर्ग असूनही ताप नसू शकतो, त्यामुळे ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. बोलणे अडखळले किंवा चेहऱ्याची वा अंगाची एक बाजू लुळी पडली तर एक तासही दवडू नये.

जाताना चष्मा, श्रवणयंत्र आणि घरातील सर्व औषधांच्या पट्ट्या पिशवीत घ्याव्यात. सोबत एक कागद असावा : मागील आठवड्यापर्यंत मावशी कोणकोणती कामे स्वतः करत होत्या त्याची यादी. उपचार करणाऱ्यांनी त्यांना यापूर्वी कधी पाहिलेले नसते, आणि समोरची गोंधळलेली वृद्ध स्त्री नेहमीच अशी असते असा त्यांचा सहज समज होऊ शकतो. मावशींना कुठपर्यंत परत आणायचे आहे, हे त्यांना त्या यादीवरूनच कळेल.